दि. म्हणजे दिवस

टक्.

दुपारच्या शांततेत तो आवाज एवढा मोठा झाला, की मी उजवा हात झटकन छातीशी ओढून घेतला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पाय पसरून फरसबी मोडत बसल्या होत्या. पाच वर्षांची चिकटू आतल्या खोलीत झोपली होती. ती झोपते तेवढा तासभर माझा असतो.

"काय गं, विंचू चावला का?" सासूबाईंनी विचारलं.

"सुरीने कापा ना शेंगा."

"सुरीने शीर निघत नाही." टक्. "आणि शेंगेची कसली भीती तुला? तिकडे तीस फुटांवर लोंबकळत असतेस दिवसभर."

माझ्यापुढे जमिनीवर एक तक्ता पसरला होता. कामाच्या ठिकाणी लावायला आला होता, तो दुपारी येताना घरी आणला होता. गुंडाळून आलेला, सारखा मिटत होता, म्हणून चार कोपऱ्यांवर चार बटाटे ठेवले होते. वरच्या बाजूला हाताची घडी घातलेल्या माणसाचा फोटो आणि मोठ्या अक्षरांत मथळा: 'पकड : प्राण्यांची शिकवण'. खाली चित्रं. वटवाघूळ, माकड, खार, बोकड, पाल. प्रत्येकाशेजारी चार ओळी, कुणाकडून काय शिकावं त्याच्या.

सासूबाईंनी मान लांब करून पाहिलं.

"कोण गं हा फोटोतला?"

"सर."

"तेच?"

"तेच."

त्यांनी एक शेंग जरा जास्तच जोराने मोडली. "मेला दिसतो मात्र सज्जन."

मी पालीकडे बघत होते. पालीच्या पुढच्या डाव्या पायाला सहा बोटं होती.

पालीला पाच बोटं असतात. सहावं बोट मी काढलं होतं, एकोणीस वर्षांची असताना. बाकावर बसून वहीत चित्र काढताना बाबांनी मागून टपली मारली आणि पेन्सिल सरकली. खोडायला रबर नव्हतं. म्हणून त्या रेघेचंच बोट करून टाकलं.

माझं काम लोकांना समजावून सांगावं लागतं. मी भिंत लावते. गोदामाएवढ्या उंच दालनात लाकडी पाट्यांच्या भिंती आहेत, पाट्यांना शेकडो भोकं आहेत, आणि त्या भोकांत स्क्रूने रंगीबेरंगी होल्ड, म्हणजे चढताना धरायचे आधार, बसवायचे असतात. काही भाकरीएवढे, काही नुसती बोटाची टोकं टेकतील एवढे. कुठला होल्ड कुठे, किती तिरका, हे मी ठरवते. माझ्या डोक्यातला रस्ता चढणारे मग आपापल्या हातापायांनी शोधतात. तीन आठवड्यांनी सगळं उतरवायचं, टबात टाकून ब्रशने घासायचं, पुन्हा लावायचं. घरी भांडी, तिकडे होल्ड, एवढाच फरक.

पूर्वी मी स्वतः चढायचे. चांगली चढायचे. सगळे मला पाल म्हणायचे आणि मला ते आवडायचं. बाबा प्राणिबागेत प्राण्यांची देखभाल करत. शाळा सुटली की मी तिथेच. भिंतीवर चढायला लागल्यावर मी पिंजऱ्यांपुढे वही घेऊन बसायला लागले. माकड फांदी धरताना बोटं आखडत नाही, आकड्यासारखी नुसती अडकवतं, आणि अंगठा बाजूला ठेवतं. खार डोकं खाली करून उतरते, कारण तिचा मागचा पाय घोट्यातून उलटा वळतो. बोकड काही धरतच नाही, तो पायावर विश्वास ठेवतो. पाल भिंतीला चिकटते ती ताकदीने नाही, आणि सुटते ती बोटं टोकाकडून उलटी सोलत. आणि सगळेच्या सगळे दिवसातला बराच वेळ नुसते लोळतात.

वटवाघळाचं बाबांनी सांगितलं होतं. "याला धरायला ताकद लागत नाही बघ. अंगाचं वजन पडलं की पायातली शीर आपोआप अडकते. ताकद लागते ती सोडायला. म्हणून मेलं तरी कधीकधी लटकलेलंच सापडतं."

बाबांच्या खात्यात एक नोंदवही असायची. कोणाला काय खायला दिलं आणि पुन्हा कधी द्यायचं, ते त्यात. 'अजगर – १ ससा – १५ दि.' दि. म्हणजे दिवस. पंधरा दिवस पुन्हा काही द्यायचं नाही. हा दि. आमच्या घरात इतका मुरला होता, की मी उलट बोलले तर आई म्हणायची, "आता दोन दि. माझ्याशी बोलू नकोस." तीच सवय माझ्या वहीत उतरली. शेवटच्या पानावर मी बोटांच्या ताकदीसाठी कसा सराव करावा ते लिहिलं होतं. सात सेकंद लटकायचं, सहा वेळा, आणि मग पुढे: '२ दि.' मग दोन दिवस हात लावायचा नाही. बोटातल्या शिरा हळू शिकतात. त्यांना वेळ द्यायचा.

ती वही मी मोठ्या आशेने आम्हाला चढणं शिकवणाऱ्या सरांना दिली.

सरांनी चार पानं उलटली. "जनावरं निवड चाचणी देतात का गं, पाल?" सगळे हसले. मीही हसले. "ठेवतो. बघतो सवडीने."

त्याच आठवड्यात निवड चाचणी होती. सरांनी मला तीन दिवस ओळीने लटकवलं, बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या पट्टीवर, कमरेला वजन बांधून. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "सर, बोट आतून दुखतंय." सर म्हणाले, "दुखणारच. दुखतंय म्हणजे वाढतंय."

टक्.

तो आवाज मी कानांनी नाही, हाताने ऐकला. अनामिकेत. डॉक्टरांनी नंतर चित्र काढून दाखवलं. बोटातली शीर हाडाला धरून ठेवायला बारीक पट्टे असतात, कप्पीने दोर धरावा तसे. त्यातला एक तुटला होता. ते बोट आजही सरळ होत नाही, टोकाशी वाकलेलंच असतं.

पण बोट गेलं त्याचं एवढं नाही. बाबा मला घ्यायला आले तेव्हा सर त्यांना म्हणाले, "मी सांगितलं होतं, जास्त लटकू नकोस म्हणून. ऐकतच नाही पोरगी. हट्टी आहे." माझ्या समोर, माझ्या डोळ्यांत बघून. बाबांनी सरांपुढे मान खाली घातली आणि माफी मागितली. घरी जाताना फक्त एवढंच म्हणाले, "मोठ्यांचं ऐकायचं असतं गं."

मी नंतर सांगितलं त्यांना. दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "बरं." बाबांचं 'बरं' मला माहीत होतं. पिंजऱ्यातलं जनावर उगाच ओरडायला लागलं की त्यालाही ते तसंच 'बरं' म्हणायचे. दोन वर्षांनी बाबा गेले, ते मी हट्टी होते असं समजूनच गेले.

आपण राग धरतो, डूख धरतो. दोन्हीला धरणंच म्हणतो आपण. नऊ वर्षं मी ते धरून होते, आणि खरं सांगायचं तर मला त्याचे काही कष्ट पडले नाहीत. वजन पडलं होतं, शीर अडकली होती.

तक्त्याच्या तळाशी जाड अक्षरांत सरावाची पद्धत दिली होती. मी ती आता कुठे वाचली.

'सात सेकंद लटकणे, सहा वेळा. दिवसातून २ वेळा.'

मी पुन्हा वाचलं. मग हसू यायला लागलं. तोंडावर हात दाबला तरी थांबेना. वही चोरली, चित्रं चोरली, सहावं बोटसुद्धा चोरलं. पण बाबांचा दि. त्यांना वाचता आला नव्हता.

"काय झालं हसायला?" सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही. बाबांची आठवण आली."

"बाबांच्या आठवणीने असं हसतं का कोणी?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "चेहरा बघ आरशात. मांजराने उंदीर बघितल्यासारखा झालाय."

आतून चिकटू उठून आली, केस पिंजारलेले, गालावर उशीची घडी. आल्या आल्या तिने माझं ते वाकडं बोट मुठीत पकडलं. ही तिची जन्मापासूनची सवय. जन्मली त्या दिवशी तिने हेच बोट असं धरलं होतं, की नर्सबाई म्हणाल्या, "बाई बाई, ही तर चिकटलीच. सोडायला शिकवावं लागेल हिला." तेव्हापासून चिकटू.

"आई, आज कितवा दि.?"

आमच्या दाराच्या चौकटीत एक दांडी आहे. मी आणि चिकटू तिला लटकतो. ती वटवाघूळ होते, मी माकड. सात सेकंद, सहा वेळा, मोठमोठ्याने मोजत. मग दोन दिवस दांडीला हात लावायचा नाही, हा नियम. चिकटू तो माझ्यापेक्षा कडक पाळते. सासूबाईंनी एकदा पडदा सरकवायला दांडी धरली, तर हिने त्यांना ओरडून सांगितलं, "आजी, आज सुट्टीचा दि. आहे!"

"आज दुसरा," मी म्हणाले. "उद्या लटकायचं."

"आणि या पालीला सहा बोटं का?"

"तिला एक चोरून आणावं लागलं," मी म्हणाले.

येत्या रविवारी आमच्याच भिंतीवर निवड चाचणी होती. मुलींच्या शेवटच्या फेरीची भिंत मी लावणार होते. आणि त्या फेरीत सरांची मुलगी असणार होती, सतरा वर्षांची, सगळ्यांच्या तोंडी जिचं नाव होतं ती. ती दिवसातून दोनदा लटकत होती, माझ्या वहीतून चुकीचं वाचलेलं. मला काहीही करायचं नव्हतं. स्क्रू ढिला ठेवायचा नव्हता, खोटं बोलायचं नव्हतं. फक्त मूग गिळून बसायचं होतं.

शुक्रवारी चिकटूची शाळा लवकर सुटली, म्हणून तिला कामावर घेऊन गेले. मॅनेजरच्या सांगण्यावरून तक्ता दालनाच्या दारापाशी मी स्वतःच लावला. चार कोपऱ्यांना चार चिकटपट्ट्या, वर पुन्हा एक. नीट बसला पाहिजे ना.

सर आले ते अकराच्या सुमाराला, मुलीला भिंत दाखवायला. केस पिकले होते, बाकी तसेच.

"काय गं पाल! अजून भिंतीवरच?"

"हो सर. आता दुसऱ्यांसाठी."

"उत्तम. कुठेतरी उपयोग झाला तुझा." हे त्यांनी इतक्या प्रेमाने म्हटलं, की मला दात ओठावर घट्ट दाबावे लागले. मग त्यांनी चिकटूचा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "तुझी का? पकड चांगली दिसतेय. पाठव की माझ्याकडे, घडवतो."

मी चिकटूचा हात त्यांच्या हातातून काढून घेतला.

"तक्ता बघितलास?" सर म्हणाले. "वीस वर्षांचा अभ्यास आहे तो."

"बघितला. छान आहे, सर. पालीला सहा बोटं आहेत."

ते जवळ गेले, चष्मा वर करून पाहिलं आणि हसले. "छापखान्याची चूक. कोण मोजतंय?"

त्यांना काही आठवत नव्हतं. मला तेच सहन झालं नाही. चोरी केलेल्या माणसाला निदान चोरी आठवावी तरी. ते चहाला मॅनेजरकडे गेले आणि मी शिडीवर चढून होल्ड लावायला लागले. दोन तृतीयांश उंचीवर मी एक बारीक कड बसवली, पेराच्याही अर्धी. तिच्या खाली डावीकडे पायाला एक चांगली पायरी दिली. जो पायावर उभा राहील, बोकडासारखा, त्याला त्या कडेला नुसतं बोट टेकवायचं होतं. जो बोटांवर विसंबेल त्याला सगळं अंग तिथे टांगावं लागणार होतं. भिंत अगदी न्यायाची होती. कुणीही तपासून बघावी. पण सरांकडे बोटांशिवाय दुसरं काही शिकवत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

खाली आले तर सरांची मुलगी आणि चिकटू चटईवर उभ्या होत्या. चिकटू तिच्या डाव्या दंडाला लोंबकळत होती आणि ती हात खाली न करता हसत होती.

"ताई, तुम्ही मला ओळखलं नाहीत," ती म्हणाली. "मी लहान असताना बाबांबरोबर यायचे. तुम्ही मला खांद्यावर बसवून भिंतीला हात लावू द्यायचात. आठवतं?"

आठवत होतं. पुढचे दोन दात पडलेली एक पोर, माझे केस लगामासारखे धरून बसणारी.

"किती जड होतीस," मी म्हणाले.

ती हसली, मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. तिने उजव्या हाताची पट्टी दातांनी सोडली. अनामिका मुळाशी सुजली होती. हलकीशी सूज. ज्याने स्वतः कधी भोगलं नाही त्याला दिसलीही नसती.

"ताई, एक विचारू? बाबांना सांगू नका. हे तक्त्यात लिहिलंय ना, दिवसातून दोनदा... ते बरोबर आहे का? म्हणजे, बोट आतून दुखतं. बाबा म्हणतात दुखतंय म्हणजे वाढतंय. तुमचंही बोट गेलं होतं ना? म्हणून विचारलं. तुम्हाला माहीत असेल."

चिकटू तिच्या दंडाला लटकलेलीच होती. ती मान वळवून एकदम उत्साहाने म्हणाली, "दोन दि—"

माझ्या पिशवीत बिस्किटाचा पुडा होता. मी एक काढलं आणि चिकटूच्या तोंडात घातलं.

"आधी खा," मी म्हणाले. मग सरांच्या मुलीकडे वळले. माझा आवाज अगदी शांत होता, मला स्वतःलाच नवल वाटलं. "तुझ्या बाबांना विचार. ते तुझे गुरू आहेत. मी काय, भिंत लावणारी बाई."

तिने मान हलवली आणि पट्टी पुन्हा गुंडाळली. दुखऱ्या बोटाला पट्टी गुंडाळताना तोंड कसं एका बाजूला ओढलं जातं, ते मला माहीत होतं.

शुक्रवार ते रविवार. मध्ये पुरते दोन दि. होते.

शनिवारी चिकटू दांडीला लटकली, सात सेकंद, सहा वेळा. मला म्हणाली, "तू पण." मी म्हटलं, "मला कंटाळा आलाय." नवऱ्याने विचारलं, "बरं नाही का?" सासूबाई त्याला म्हणाल्या, "तिच्या नादी लागू नकोस. चार दिवसांपासून ती कुणाचा तरी जीव घेऊन फिरतेय." त्या बोलून गेल्या आणि फडक्याने ओटा पुसत राहिल्या. त्यांच्याकडे सरांच्या घरचा फोन नंबर नव्हता. माझ्याकडे होता. मॅनेजरच्या टेबलावरची स्पर्धकांची यादी मी सकाळीच मोबाइलवर टिपून घेतली होती. कशासाठी, ते स्वतःलाही विचारलं नाही. दुपारी दोनदा ती उघडली. दोनदा बाबांचा चेहरा समोर आला, सरांपुढे मान खाली घातलेला. दोनदा मोबाइल उलटा ठेवला.

रविवारी दालन गच्च भरलं होतं. पालक, पाण्याच्या बाटल्या, हातांना चोळायच्या पांढऱ्या पुडीची धूळ. भिंत लावणाऱ्याला चाचणीला हजर राहावं लागतं, होल्ड सैल झाला तर घट्ट करायला. रविवार म्हणून चिकटूही आली होती. ती माझ्या पायाशी बसून ब्रशने रिकामे होल्ड घासत होती.

आधीच्या चार मुली कडेपर्यंत पोहोचल्या नाहीत. पाचवी, छोट्या गावाहून आलेली एक काटकुळी मुलगी, कडेपाशी थांबली, खाली पाहिलं, डावा पाय पायरीवर ठेवून उभी राहिली आणि बोट नुसतं टेकवून पुढे गेली. माझ्या अंगावर काटा आला. माझ्या डोक्यातला रस्ता तिला सापडला होता.

मग सरांची मुलगी. ती सुंदर चढत होती. अंगात लय होती, घाई नव्हती. सर खाली उभे राहून ओरडत होते, "ओढ! ओढ!" ती कडेपाशी आली. उजवा हात वर गेला. तिने क्षणभर पायरीकडे पाहिलं. मी पाहिलं तिने पाहिलेलं. पाय उचललाही. माझ्या घशातून आवाज यायच्या बेतात होता. ठेव, ठेव पाय.

"पाय काय बघतेस? बोटं! ओढ!" सर ओरडले.

तिने बोटं आखडली आणि ओढलं.

एवढ्या गोंगाटात तो आवाज कुणाला ऐकू गेला नसेल. मला गेला. माझं वाकडं बोट आपोआप मुठीत मिटलं.

ती दोरावर लटकत, भिंतीकडे पाठ करून हळूहळू खाली आली. ओरडली नाही. उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरलेला. पोरं बाजूला झाली. सर पोहोचले आणि आजूबाजूच्या पालकांकडे वळून, हात पसरून म्हणाले,

"सांगितलं होतं मी, जास्त लटकू नकोस म्हणून. ऐकतच नाही. हट्टी आहे पोरगी."

तोच शब्द. तेवढाच आवाज. नऊ वर्षं घोकून ठेवल्यासारखा.

मुलीने वर पाहिलं, बापाकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते बोटासाठी नव्हतं. ती नजर मला पाठ होती. ती माझी होती. त्या दिवशी माझ्या बाबांनी मान खाली घातली होती, म्हणून त्यांना ती दिसली नाही.

मी बर्फाची पिशवी घेऊन गेले, तिच्याजवळ गुडघ्यावर बसले आणि पट्टी सोडायला लागले. सर वाकून बघत होते. त्यांच्या मागे दारापाशी तक्ता होता, नीट बसवलेला.

"दि. म्हणजे दिवस, सर," मी म्हणाले.

"काय?"

"वहीत होतं ना. २ दि. दोन दिवस हात लावायचा नाही. माझ्या बाबांच्या खात्यात असंच लिहायचे. दिवसातून दोनदा नाही, सर. दोन दिवस सुट्टी."

त्यांना वेळ लागला. आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे, मग वळून तक्त्याकडे, आणि पालीकडे. त्यांचे ओठ हलले, मोजत असल्यासारखे. पाच. सहा. मग चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि ते मॅनेजरच्या खुर्चीत एकदम म्हातारे होऊन बसले. या चेहऱ्याची मी नऊ वर्षं वाट पाहिली होती. मला वाटायचं तो मोठा असेल, सगळ्या दालनाला दिसेल एवढा. तो अगदी लहान होता. माझ्याशिवाय तो कुणी पाहिलाही नाही.

आणि दुसरा चेहरा माझ्या हाताशी होता. सरांच्या मुलीने सगळं ऐकलं होतं. ती बापाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. शुक्रवारी मी तिच्यापुढे किती शांतपणे उभी होते, ते ती आठवत असावी. मी तिच्या बोटावर बर्फ धरला. तिने हात ओढून घेतला, पिशवी डाव्या हातात घेतली आणि माझ्याशिवाय स्वतःच दाबून धरली.

"ताई, मी बघते," ती म्हणाली. त्या 'ताई'ची धार अजून जात नाही.

सगळे गेल्यावर मी शिडी लावली आणि ती कड काढायला वर चढले. स्क्रू मीच इतका घट्ट बसवला होता, की पाना फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला. शेवटी सुटला. कड तळहातावर घेतली, पेराच्याही अर्धी, हलकी, कुणालाही लागणार नाही अशी. खाली आले आणि टबात टाकली. तक्ताही काढायला गेले, पण चिकटपट्ट्या फार जोरात दाबून बसवल्या होत्या. एका कोपऱ्याबरोबर भिंतीचा रंग निघाला. बाकीचे तसेच राहू दिले.

घरी निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. चिकटूने नेहमीप्रमाणे माझं वाकडं बोट मुठीत धरलं होतं. फुटपाथच्या कडेवरून एकेक पाऊल टाकत चालत होती, बोकडासारखी.

"त्या ताईचं बोट आता तुझ्यासारखं होणार?"

"नाही. डॉक्टर नीट करतील."

"ती सुट्टी घेत नव्हती का? दोन दि.?"

"नाही."

तिने आणखी पाच-सहा पावलं टाकली. मग थांबली आणि मान वर केली. माझं बोट तिच्या मुठीत तसंच.

"आई, परवा मी तिला सांगत होते ना, तेव्हा तू मला बिस्कीट का दिलंस? मला भूक नव्हती लागली."